काठावर थांबलेला कंट्रोलर

मी एक कंट्रोलर, व्हिडिओ गेम खेळायचा. तसा मी बोलणाऱ्यांतला नाही, थरथरणाऱ्यांतला. पडद्यावर कुणी आपटलं की हातात थरथरायचं, एवढंच मला शिकवलेलं. या घरातली आत्या मला ‘तो रिमोट’ म्हणते. पूर्वी ते मनाला लागायचं. आता तेही लागत नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मी भानावर आलो तो एका चित्रकाराच्या हातात. तो आणि त्याचे मित्र तेव्हा नदीचा एक गेम करत होते. प्रवाशाने काठाकाठाने चालायचं आणि एका नावाडणीच्या होडीतून पलीकडे जायचं, एवढीच गोष्ट. संगीत त्याच्या मित्राचं: एक बासरी, आणि मधेमधे भरपूर शांतता. ते चित्रकाराला पसंत होतं. स्वतःचं पाणी मात्र पसंत नव्हतं. मला हातात धरून त्या काठावर उभा राहायचा आणि कुरकुरायचा, “हे पाणी आहे का? भांडी विसळल्यासारखं दिसतंय.”

“दिसू दे की,” त्याची बायको म्हणायची. “बघायला थांबतंय कोण? लोक पळत सुटतात.”

नावाडणीला आवाज हवा होता. अभिनेत्री ठरेपर्यंत नमुन्यादाखल या बाईंनीच बोलावं, असं ठरलं. बाहेरचा आवाज यायला नको म्हणून त्या कपड्यांच्या कपाटात शिरल्या. डोक्यावर रजई, आणि मांडीवर त्यांची तान्ही मुलगी टिकली, कारण तिला खाली ठेवलं की ती घर डोक्यावर घ्यायची. “सांभाळून, फळी ओली आहे,” या वाक्यामागे म्हणूनच एक बारीकशी उचकी आहे. ती टिकलीची.

कागदावर नसलेलं एक वाक्य त्यांनी पदरचं घातलं. काही न दाबता खेळणारा नुसता उभा राहिला, तर नावाडीण म्हणायची, “घाई नाही. पाणी बघ जरा.”

“हे कशाला?” चित्रकाराने विचारलं.

“तुझं पाणी कुणीतरी बघावं म्हणून.”

मग स्वतःचाच आवाज ऐकून त्यांनी कानांवर हात ठेवले. “शी. ही नावाडीण आहे, की दूध उतू चाललंय म्हणून हाका मारणारी बाई? खरी अभिनेत्री आली की हे पुसून टाक हं. नक्की.” घरात या आवाजाचं जे काही साठवलेलं होतं, ते त्यांनी स्वतःच पुसलंही; गेममध्ये भरलेलं तेवढं राहिलं. अभिनेत्री काही ठरली नाही. गेम त्याच आवाजात बाहेर पडला.

माझ्या मताला कोण विचारतो, पण सांगतो. गोड, घोटीव आवाज मी पुष्कळ ऐकले. ते कान सुखावतात आणि विसरले जातात. या आवाजात मात्र एक काळजी होती. हातातलं काम अर्धवट टाकून कुणी वळून बघावं, तशी. त्यामुळे साधीशी ओली फळीसुद्धा खरीच ओली वाटायची.

टिकली शाळेत जायला लागली त्या वर्षी तिची आई आजारी पडली. नंतर घरात तिचा आवाज उरला तो फक्त त्या काठावर.

संध्याकाळी चित्रकार मला उचलायचा, काठापर्यंत न्यायचा आणि बोटं सैल सोडायचा. टिकली त्याला टेकून बसायची. मी दाबून घेण्यासाठी जन्मलेला, पण या घरात माझा खरा उपयोग झाला तो न दाबण्यासाठी. जरा वेळाने आवाज यायचा, “घाई नाही. पाणी बघ जरा.” आणि दोघं बघायचे.

पुढे तो गेम एका मोठ्या कंपनीने घेतला. पडद्यावर सूचना येऊ लागली: नवी आवृत्ती तयार आहे. चित्रकार दरवेळी ‘नंतर’वर माझं बटण दाबायचा. का, ते त्याने टिकलीला कधी सांगितलं नाही. आईचा विषय निघाला की तो उठून दुसऱ्याच कामाला लागायचा.

एका दुपारी तो आंघोळीला गेला होता. टिकली आता वाचायला शिकली होती. तिने बोट फिरवत वाचलं, ‘पाणी अधिक खरं. आवाज अधिक स्पष्ट.’

“आई अजून स्पष्ट ऐकू येईल,” ती मला म्हणाली, आणि ‘हो’ दाबलं.

पाणी अप्रतिम झालं होतं. उन्हाचे तुकडे लाटांवर हलत होते. एका बासरीच्या जागी पन्नास वाद्यं वाजत होती. आणि होडीतून एक सुरेख, तयारीचा आवाज म्हणाला, “सांभाळून, फळी ओली आहे.” मागे उचकी नव्हती.

चित्रकार डोकं पुसत बाहेर आला आणि तसाच उभा राहिला.

“बाबा, आई कुठे गेली?”

त्याने मला हातात घेतलं. बोटं सैल सोडली. खूप वेळ. होडी नुसती डुलत राहिली. ‘घाई नाही’ काही आलं नाही.

“पाणी छान केलंय त्यांनी,” तो म्हणाला. टिकलीला रागावला नाही.

त्याने मित्राला फोन लावला. “जुनं काहीच ठेवलं नाही रे त्यांनी,” मित्र म्हणाला. “मी माझी बासरीसुद्धा मागून बघितली.”

तेव्हापासून मी खणात आहे. बॅटरी उतरली, अंगठ्याने फिरवायची एक कांडी सैल झाली. आत्या म्हणते, “तो रिमोट टाकून द्या आता.”

परवा टिकलीनेच मला बाहेर काढलं. मेलेला तसाच बाबाच्या हातात दिला, त्याला कपाटासमोर बसवलं, आणि आत शिरून दार ओढून घेतलं. कपाटाची गोष्ट तिला आत्याने सांगितली असावी. रजईखालून तिचा आवाज आला. तिची आई ज्या घाईने, ज्या काळजीने बोलायची, अगदी तसाच.

“घाई नाही. पाणी बघ जरा.”

समोर लाकडी दार होतं, पाणी नव्हतं. तरी तो बघत राहिला, आणि डोळे पुसायलाही त्याने मला खाली ठेवलं नाही.

आता मला टाकलं तरी चालेल. एवढंच मागणं आहे, माझ्यासारखा कुणी तुमच्या हातात आला, तर कधीतरी काही दाबू नका. काठावर उभे राहा. कुणीतरी कपाटात बसून तुमच्यासाठी बोललेलं असेल.