आयरिसचे आभार मानत नाहीत

"डॉर्कस, सहज इकडून चालले होते."

खोटं. रस्ता डॉर्कसच्या अंगणाशीच संपतो, पुढे नुसता डोंगर. अल्मेडाने मनात जुळवलेलं हे वाक्य चढावरच टाकून दिलं.

"डॉर्कस, माझी एक वस्तू तुझ्याकडे आहे."

हे तर त्याहून वाईट. वस्तू तिनेच दिली होती, बावीस वर्षांपूर्वी: आजीच्या जांभळ्या आयरिसचे तीन कंद, वर्तमानपत्रात गुंडाळून. आज तिच्या स्वतःच्या वाफ्यात एकही उरला नव्हता. तिच्या मुलाने, वेडने, गेल्या हिवाळ्यात प्रेमापोटी त्यांच्यावर लाकडाच्या भुशाची जाड गोधडी घातली. आयरिसच्या कंदाला पाठीवर ऊन हवं असतं. मे महिन्यात फूल नाही, आणि ऑगस्टमध्ये बोट लावलं तर कंद सडक्या बटाट्यासारखा मऊ. उमललं की द्राक्षांसारखं घमघमणारं आजीचं आयरिस आता सगळ्या खोऱ्यात एकाच अंगणात होतं. आणि त्या अंगणाच्या मालकिणीशी अल्मेडा नऊ वर्षं बोलली नव्हती. चर्चच्या जेवणात, साठ माणसांदेखत, ती म्हणाली होती की डॉर्कसचं पुडिंग घरचं नाही, पाकिटातलं आहे.

"डॉर्कस,"

एवढंच जुळलं आणि फाटक आलं.

पायरीवर शेंगा निवडत बसलेल्या डॉर्कसने मान वर केली. "वाट चुकलीस?"

"आजीचं आयरिस मेलं."

शेंग हातातच राहिली. "सगळं?"

"सगळं."

"कोणी मारलं?"

"वेडने. भुसा पांघरवला त्याने."

"गुणी पोरगं गं. अक्कल तेवढी बापाची घेतली." डॉर्कसने भिंतीला टेकवलेला खणायचा काटा तिच्या हातात दिला. "गुडघे गेलेत माझे. तूच खण."

अल्मेडा खणू लागली. तीन कंदांचं रान झालं होतं, हळदीच्या गड्ड्यासारखं एकमेकांत गुंतलेलं. डॉर्कस उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडत होती. "तो नको, म्हातारा झालाय. शेजारचा घे, गुबगुबीत. अगं, हळू! दात काढतेयस की कंद?" मग तिने पंख्यासारखी पानं कात्रीने वीतभर ठेवून छाटली. सात कंद अल्मेडाच्या ओंजळीत आले, अजून मातीने थंड.

अल्मेडाच्या घशाशी शब्द आला.

डॉर्कसने कात्री रोखली. "म्हणू नकोस!"

"मी कुठे काय..."

"तोंड उघडलं होतंस."

दिलेल्या रोपाचे आभार मानले तर ते जगत नाही, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आभार चालत नाहीत," अल्मेडा म्हणाली. "माफी चालते का?"

डॉर्कसने जरा विचार केला. "त्याचं कोणी काही सांगितलेलं नाही. पण आधी कंद खाली ठेव. उगाच धोका नको."

अल्मेडाने कंद पायरीवर ठेवले, फाटकापर्यंत मागे गेली आणि तिथून माफी मागितली. पुडिंगची, त्या साठ माणसांची, आणि नऊ वर्षं रविवारच्या रविवार तोंड फिरवून बसल्याची. लांबून मागायची म्हणून जोरात मागावी लागली. डॉर्कसने शेंगा पुन्हा मांडीवर घेतल्या. एका शेंगेची शीर तिने तीनदा काढली.

मग उठली, कुरकुरत. कुंपणाकडेच्या चरात केशरी फुलांच्या डेलिलीची वाळकी देठं उभी होती. तिने फावड्यावर पाय दिला, मातीसकट एक गड्डा उचकटला आणि अल्मेडाच्या हातात कोंबला.

"हे पण ने. दगडावर टाक, खड्ड्यात टाक, वरून ट्रॅक्टर घाल. मरत नाही."

"मग?"

"मग याचे मान की आभार. काय बिघडतंय?"

अल्मेडाने मानले. एकदा मानून तिचं भागलं नाही. पुन्हा मानले, डॉर्कसचा मातकट हात धरून.

"पुरे, पुरे," डॉर्कस म्हणाली, आणि दुसरा गड्डा काढायला वाकली.