कंडक्टरबाईची जागा

"ए टोपीवाल्या, ऊठ. बाईला बसू दे."

टोपीवाला उठला. ताराजच्या बसमध्ये म्हातारीनं ऊठ म्हटलं की उठायचं असतं. न उठणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू होते, आणि गाव लहान असल्यामुळे त्या सात पिढ्यांपैकी कुणीतरी हमखास मागच्याच सीटवर सापडतं.

"बस गं पोरी. सातवा ना?"

"सातवाच," कुल्याश म्हणाली. "तिकीट काढा, अजे."

"तिकीट कुठं पळून जातंय? आधी बस."

"ड्युटीवर बसत नाही आम्ही."

हे खोटं होतं. कंडक्टरसाठी दारापाशी एक जागा असते, तिच्यावर ड्रायव्हर सापारालीनं पाण्याचा डबा आणि हत्यारांची पेटी ठेवली होती. पोट दिसायला लागल्यावर त्यानं आपणहून दोन्ही वस्तू पायाशी घेतल्या. तरी कुल्याश उभीच. आजवर ती कधी बसली नव्हती असं नाही; पण पोट आल्यापासून या बसमध्ये एकदाही बसली नाही. अजे म्हातारी रोज बाजारात कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, विकायला जायची, रोज नवा माणूस उठवायची, आणि मोकळी झालेली सीट पुढच्या स्टॉपपर्यंत तशीच मोकळी जायची. गर्दीत मोकळी सीट बघून लोकांना वाटे, ओली असेल.

कारण साधं होतं. कुल्याशनं उभं आयुष्य विनातिकीट माणसं पकडण्यात घालवलं होतं. आणि तिच्या कोटाखालचं पोट लोकरीचं होतं.

खरं पोट शिमकेंतला, एका भाड्याच्या खोलीत, रायखान नावाच्या बाईपाशी होतं. कुल्याशची स्वतःची चार मुलं पोटातच गेली, पाचव्या खेपेला डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकली. मग मोठ्या शहरातल्या दवाखान्यात कुणीतरी हा मार्ग सांगितला. बी नवऱ्याचं, अंडं बायकोचं, भट्टी फक्त दुसरीची, असं तिच्या नवऱ्यानं, एरमुखाननं, आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घेतलं. तो गावाला गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरवर कामाला होता. त्यानं गाडी विकली, आणि दोघांनी ठरवलं की अपांना सांगायचं नाही. अपा म्हणजे त्याची आई, नेसिबेली. मशिदीतल्या मुल्लानं असल्या मुलांबद्दल काय सांगितलं होतं ते अपांना पाठ होतं. मुल्लाला जे आठवत नसे तेही अपांना पाठ असे.

बातमी कळल्याच्या आठवड्यात अपांनी एक मेंढा आणून अंगणात बांधला. बाळंतिणीसाठी. आमच्याकडे बाळंत झालेल्या बाईला त्याच मेंढ्याचा रस्सा द्यायचा, बाकीच्यांनी वास घ्यायचा. त्याच्या मानेचा मणका तिनं स्वतः चोखून लख्ख करायचा, तो काठीला खोचून भिंतीवर ठेवायचा, बाळ मान धरेपर्यंत. अपांनी काठीसुद्धा तासून ठेवली.

मेंढा आणि पोट बरोबरीनं वाढू लागले. त्यात मेंढाच काय तो प्रामाणिकपणे वाढत होता.

"काय खावंसं वाटतंय?" अपा रोज विचारायच्या.

कुल्याश म्हणायची, "विचार करून सांगते." मग अंगणाच्या कडेला जाऊन शिमकेंतला फोन लावायची. "रायखान, काय खावंसं वाटतंय?"

"अपके, हसशील." ताई म्हणायच्या ऐवजी रायखान तिला अपके म्हणायची.

"सांग."

"खारवलेलं कलिंगड. आणि त्याच्याबरोबर कझी. एकाच घासात."

कुल्याश घरात येऊन सांगायची, "कलिंगड, खारवलेलं. आणि कझी."

अपांचे डोळे भरून यायचे. "घोड्याचं मांस मागतोय. मुलगाच. एरमुखानच्या वेळी मला लांडग्याचं काळीज खावंसं वाटलं होतं."

एरमुखान खाली मान घालून चहा प्यायचा. शेजाऱ्यांचं कुत्रं सुटलेलं असलं की तो मागच्या दारानं कामावर जात असे.

मग सुट्टीच्या दिवशी, शिमकेंतच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं म्हणून, कलिंगड आणि कझी कापडात बांधून कुल्याश निघायची. डोहाळे खरे होते, खाणारं तोंड तेवढं तीन तास लांब होतं. रायखान दार उघडायची ती पिशवीकडेच बघत. तिच्या गावी सगळ्यांना वाटत होतं की ती राजधानीत कपड्यांच्या कारखान्यात आहे. तिथं आईपाशी तिचा शाळकरी मुलगा होता आणि वर पत्रे उडालेलं घर होतं.

"काढ ते तुझं गाठोडं," रायखान कुल्याशचं पोट बघून म्हणायची. "बघवत नाही. माझ्यापेक्षा मोठं केलंयस. अपके, जुळी आहेत का तुला?"

"लोकर जास्त झाली गं. धुतली की फुगते."

"मग नको धूत जाऊ. माझं कुठं धुतलं जातंय?"

दोघी पलंगावर बसायच्या. गाठोडं खुर्चीवर. रायखान कझी चघळत कुल्याशचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवायची. आतून लाथ बसली की म्हणायची, "बघ, तुझी माणसं मला मारतायत." कुल्याश हात काढायची नाही. बसनं परत जाताना तो हात ती मांडीवर उताणा ठेवायची, त्यात काहीतरी सांडण्यासारखं असल्यासारखा.

एकदाच रायखान गंभीर झाली. "झाल्यावर मला दाखवू नका," ती म्हणाली. "तोंड नाही बघणार मी. आवाज तेवढा ऐकेन."

दिवस भरत आल्यावर कुल्याश शिमकेंतला जाऊन राहिली. अपांनी मेंढ्याचा खुराक वाढवला.

रायखानला सकाळी आत नेलं. पोट कापायचं होतं, म्हणून तिला भूल दिली. कुल्याश आणि एरमुखान बाहेरच्या बाकावर. कुल्याशनं गाठोडं त्या दिवशी बांधलं नव्हतं, पण सवयीनं ती पाय फाकवून, हात कमरेवर देऊन बसली होती. आतून एकदा रडण्याचा आवाज आला. एरमुखान उभा राहिला, पुन्हा बसला, मग टोपी काढून तिच्यात बघू लागला. बराच वेळ दुसरा आवाज आला नाही.

डॉक्टर बाहेर आला. "आई कोण?"

"मी," कुल्याश म्हणाली.

हा प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदाच कुणी विचारला होता, आणि तो हे सांगण्यासाठी विचारला होता. मुलगी होती. फुप्फुसं नीट उघडली नाहीत. प्रयत्न चालले आहेत, असं त्यानं सांगितलं. दुपारनंतर ते चालायचे थांबले.

एरमुखाननं मुलीला कोटाच्या आत घेतलं आणि भाड्याच्या गाडीनं ताराजला नेलं. वाटेत ड्रायव्हर म्हणाला, "हीटर लावू का? लेकराला थंडी वाजत असेल." एरमुखान म्हणाला, "लावा." रस्ताभर हीटर चालू होता.

मुलगी रडली होती, म्हणून तिला नाव देणं भाग होतं. मुल्लानं कानात नाव सांगितलं, आयझादा. पुरुष तिला आजोबांच्या शेजारी ठेवून आले. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. त्या घरी बसून रडतात आणि कोण किती रडलं ते लक्षात ठेवतात. कुल्याश रडली नाही, तेही लक्षात ठेवलं गेलं.

तिसऱ्या दिवशी अपांनी मेंढा कापवला.

"अपा, नको," कुल्याश म्हणाली.

"का नको? लेकरू गेलं म्हणून बाळंतीण बाळंतीण राहत नाही का? माझ्या दोन गेल्या. दोन्ही वेळा सासूनं समोर बसून रस्सा पाजला. शिव्या देत पाजला, पण पाजला." वाडगा पुढे आला. कुल्याशनं तो हातात धरला. तोंडापर्यंत गेला नाही. नऊ महिने या घरातला घास ती दुसरीपाशी पोचवत आली होती. स्वतः खायची सवय मोडली होती.

संध्याकाळी अपा पांढऱ्या कापडाची लांब पट्टी शेकून घेऊन आल्या. दार लावलं.

"आज दूध उतरेल. बांधून टाकू. नाहीतर ताप चढतो. कुडतं वर घे."

"माझं मी बांधीन, अपा."

"स्वतःचं स्वतःला बांधता येत नाही. लाजतेस कुणाला? त्या नवऱ्यालाही मीच बांधत होते पाळण्यात."

त्यांनी कुडतं वर केलं आणि बघत राहिल्या. पोटावर खाली जुन्या टाक्यांचा पांढरा पडलेला वण होता. बाकी काही नव्हतं. बाळंतपणाची एकही खूण नव्हती. अपा पलंगाच्या कडेला बसल्या. पट्टीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पोरगी आपली होती का?"

"आपलीच. माझी आणि त्यांची. फक्त वाढली दुसरीपाशी."

बाहेर कुणीतरी निरोप घेऊन जात होतं. अपा तो आवाज संपेपर्यंत थांबल्या.

"मग दूध कुणाला आलंय?"

कुल्याशनं सांगितलं. रायखान, शिमकेंत, खोली, कलिंगड, सगळं.

"आज कोण आहे तिच्याजवळ?"

"कुणी नाही. दवाखान्यातनं सकाळीच घरी सोडलंय. फोन केला होता."

"रस्सा कुणी दिला?"

"कुणी नाही, अपा."

अपा उठल्या. "नऊ महिने मला मेंढ्याच्या शेजारी बांधून ठेवलंत दोघांनी. तोही चरत होता, मीही चरत होते. त्याचं काय ते मी बोलेन, जन्म पडलाय. दूध थांबत नाही. त्या लांडग्याला सांग, गाडी बघ म्हणावं."

रस्त्यानं तीन तास अपा रश्श्यानं भरलेली दुधाची मोठी किटली रजईत गुंडाळून मांडीवर धरून बसल्या. मध्येच एकदा त्या म्हणाल्या, "कझी कशी झाली म्हणाली ती?"

"मीठ कमी होतं म्हणाली."

"बरोबर आहे. कमीच होतं," अपा म्हणाल्या.

रायखाननं दार उघडलं. एक हात पोटाच्या टाक्यावर, झग्याचा पुढचा भाग भिजलेला. म्हातारीला बघून ती भिंतीकडे सरकली.

"अपा, मी सगळं नीट खाल्लं होतं," ती घाईनं म्हणाली. "जड काही उचललं नाही मी. पाण्याची बादलीसुद्धा खालची बाई आणून देत होती. विचारा तिला."

"गप. बस खाली."

रायखान बसली. अपांनी तिचा झगा सोडला, शेकलेली पट्टी छातीवरून गुंडाळली, गुडघा टेकून आवळली. रायखान दात आवळून "आई गं" म्हणाली. अपा म्हणाल्या, "ती इथं नाही. मलाच म्हण." मग किटलीतला रस्सा वाडग्यात ओतला आणि समोर बसल्या.

रायखान खाऊ लागली. आधी भीतभीत, मग भुकेनं. पहिला वाडगा संपल्यावर तिनं सवयीनं डाव घेऊन किटलीच्या तळाशी चाचपलं. एका मुलाची आई होती ती, मानेचा मणका आपल्यालाच असतो हे तिला माहीत होतं. डाव दोनदा फिरला. अपा खिडकीकडे बघत होत्या. मग रायखानच्या लक्षात आलं, आणि तिनं डाव आवाज न करता खाली ठेवला.

"अपके," जरा वेळानं ती म्हणाली. "मला भूल दिली होती. मला ऐकायला नाही आलं. रडली का ती?"

"एकदा."

"कसा होता आवाज?"

कुल्याशनं विचार केला. आवाजाचं तिला कळत होतं. तिची सगळी नोकरी त्याच्यावर होती.

"बारीक होता," ती म्हणाली. "पण शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेला असता."

रायखाननं मान हलवली आणि वाडगा पुढे केला. अपांनी तो भरला.

चाळीस दिवस झाल्यावर कुल्याश कामावर गेली. सापारालीनं "आलीस?" एवढंच विचारलं आणि आरसा पुसत राहिला. दारापाशची जागा रिकामी होती, पण ती नेहमीसारखी मध्ये उभी राहिली. तिकिटं फाडली. बाजाराच्या लोकांनी पैसे दिले, कुणी तिच्याकडे वर बघितलं नाही. गाव लहान, जे कळायचं ते सगळ्यांना कळलं होतं, आणि जे कळायचं नव्हतं ते अपांच्या दाराबाहेर गेलं नव्हतं. टोपीवाला तिकीट घेऊन खिडकीबाहेर बघत बसला. उठावं की उठू नये हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि आज सांगणारंही कुणी नव्हतं.

अजे म्हातारी कुर्ताची पिशवी घेऊन चढली. पुढच्या सीटवर बसली. तिकीट काढलं. मग पिशवी हातात घेतली, दांडा धरला, आणि गुडघ्यांवर जोर देऊन स्वतःच उठली.

"बस, पोरी."

कुल्याशनं तिच्याकडे बघितलं. मग मोकळ्या सीटकडे. सीट पुढच्या स्टॉपपर्यंत मोकळी जाते हे सगळ्या बसला माहीत होतं.

कुल्याश बसली. पैशांची पिशवी तिनं मांडीवर ओढून घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

बस वळली. पुढचा स्टॉप पुकारायचा राहिला. मागच्या सीटवरून तो कुणीतरी हळूच पुकारला.