चिकटवलेलं फूल

चैत्रातच विहिरीने तळ दाखवला, तेव्हा माझ्या नवऱ्याने, प्रीतमने, पाणी न मागणारी झाडं आणली. आमच्या दोन खोल्यांत पर्यटक उतरतात, त्यांच्यासाठी. घरापुढच्या सारवलेल्या खळ्यावर त्याने पांढरी खडी पसरली आणि निवडुंगाच्या कुंड्या मांडल्या. प्रत्येक निवडुंगाच्या डोक्यावर एक गुलाबी फूल.

"बघ गो, वाळवंटातली झाडां! पाणी नाय घातला तरी जगतली."

आमची लेक रेवा नुकतीच रांगायला लागली आहे. खडीने तिचे कोवळे गुडघे सोलले, म्हणून मी तिला कडेवर घेऊन फुलं दाखवत होते. तिने हात लांबवला, फूल अलगद मुठीत आलं आणि थेट तोंडात गेलं. मी बोट घालून काढलं, तर फुलाच्या बुडाशी गोंदाचा बुळबुळीत गोळा. तिच्या जिभेवर गुलाबी रंग.

"शी! ह्यां फूल चिकटवलेला आसा."

"नर्सरीत तशीच मिळतत. फोटोत कोणाक कळता?"

"तुझ्या चेडवाच्या जिभेक कळला."

मी कुंड्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे ठेवल्या, खडी लोटून काढली.

"उद्या पावणे येतले, त्येंका काय दाखवतलंस?" प्रीतमने विचारलं.

मागच्या गडग्याच्या कडेला, कोणी कधी पाणी न घातलेला पानओवा माजला होता. त्याच्या फांद्या तोडून मी खळ्याच्या कडेने खोचल्या. रेवाने एक पान चावलं आणि तोंड वाकडं केलं. निदान ती चव पानाचीच होती.