लुकियानची रजा

मी नोंदवही बोलतेय. हळूच बोलतेय, कारण ओमेल्यान आजोबा पेनाचं टोपण काढून बसले आहेत. आज ते लुकियानची ओळ बंद करणार, या धास्तीनं माझी पानं आखडून गेली होती.

मी ‘सोल्यार’ या फुटबॉल संघाची. मिठाच्या खाणीतल्या कामगारांनी संघ उभा केला, त्या वर्षी आजोबांनी मला विकत आणलं. ते तेव्हा खाणीवर हजेरी मांडायचे. त्यामुळे अकरा खेळाडूंच्या नावांखाली ‘गैरहजर’ असा रकाना आखल्याशिवाय त्यांना चैन पडेना. कोण आलं नाही आणि का आलं नाही? दुखापत, बंदी, रजा. कारण लिहिल्याशिवाय त्यांनी कुणाला कधी सोडलं नाही. कुणी कायमचा गेला, की ओळीच्या शेवटच्या चौकोनात कारण लिहून ते त्याची ओळ बंद करायचे.

चषकाच्या सामन्यात आम्ही राजधानीच्या संघाला लोळवलं, ते माझ्यात आहे. सात-शून्यनं मार खाल्ला, तेही आहे. ‘पंच आंधळा होता, एवढं तरी लिहा की!’ असं लोक गळ घालायचे. आजोबा म्हणायचे, “गाऱ्हाणी घरी बायकोला सांगा.” माझ्यात खोटा आकडा एकही नाही, याचा मला तोरा होता.

मग गावावर तोफा सुरू झाल्या. चषक कपाटातच राहिले, आजोबांनी मला कोटाच्या आत घातलं आणि गाडी गाठली. आता आम्ही देशाच्या पार पश्चिमेला, उसन्या मैदानावर खेळतो. माझ्या शिवणीत मात्र अजून गावचे मिठाचे कण आहेत.

लुकियान श्चेरबिना आमचा गोलरक्षक. त्याचे एकशे नव्व्याण्णव सामने झाले आणि तो युद्धाच्या आघाडीवर गेला. आजोबांनी लिहिलं, ‘लुकियान – रजा’. पुढे त्याच्या बायकोला, यारीनाला, पत्र आलं. बेपत्ता. त्यानंतरच्या सामन्यालाही आजोबांनी ‘रजा’च लिहिलं. त्याच्या पुढच्याही. माझ्या अंगावरचं ते पहिलं खोटं, आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून मीच जीव मुठीत धरून होते.

आज सामन्याआधी संघाची चिटणीस ओरीस्या आली. बाई नियमाला पक्की.

“आजोबा, नवी यादी पाठवायचीय. एक नंबरची जर्सी नव्या गोलरक्षकाला द्यायचीय. लुकियानची ओळ आज बंद करा.”

“कारण काय लिहू? दुसऱ्या संघात गेला? निवृत्त झाला? की काळी चौकट काढू?”

“मला कशाला छळता? अर्जाशिवाय दोन वर्षं रजा असते का कुठे? तुम्हीच खाणीत कुणाला दिली असती?”

आजोबांनी मला मिटलं. सामना संपला की करतो, म्हणाले.

त्रेसष्टाव्या मिनिटाला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. खेळाडू, पंच, प्रेक्षक, सगळे प्रेक्षागाराखालच्या तळघरात उतरले. अशा वेळी लोक सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात आणि टरफलं माझ्यात पडतात. यारीना आजोबांच्या शेजारी येऊन बसली. इथल्या मैदानावरचा एकही सामना ती चुकवत नाही. तिनं मला मांडीवर घेतलं आणि पान उलटलं. मग दुसरं, मग तिसरं.

“आजोबा, सगळीकडे रजा?”

“हं.”

“मंजूर कुणी केली?”

“मीच. अर्ज तेवढा यायचाय.” आजोबांनी मान वर केली नाही. “आज बंद करायला सांगितलंय, पोरी. माझा हात उठत नाही.”

यारीनानं माझ्या पानावरची टरफलं झटकली. मला वाटलं, आता ही मला मिटेल आणि म्हणेल, करा बंद. तिनं आजोबांच्या हातातलं पेन काढून घेतलं. माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिनं लिहिलं, ‘माझे पती लुकियान श्चेरबिना यांना रजा मिळावी, ही विनंती.’ खाली सही केली आणि मला ओरीस्यासमोर धरलं.

ओरीस्यानं दोनदा वाचलं.

“कधीपर्यंत ते लिहिलं नाहीस. तारखेशिवाय अर्ज चालत नाही.”

“तारीख मला माहीत असती तर इथं बसले असते का?”

आजूबाजूचं बिया सोलणं थांबलं होतं. ओरीस्यानं पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘परत येईपर्यंत’. मग पिशवीतून शिक्का काढून दाबला. शिक्का तिरका उमटला.

भोंगा थांबल्यावर खेळ पुढे सुरू झाला. आम्ही एक-शून्यनं हरलो. नव्या गोलरक्षकानं चिटणीसबाईंना सांगून टाकलं, मला बारा नंबर चालेल.

आता माझी मोजकीच पानं उरली आहेत. आजोबा थकलेत, आणि उद्या मी कुणाच्या हाती जाईन, ठाऊक नाही. टोपण निघाल्याचा आवाज आला की अजूनही माझी पानं आखडतात. तुमच्या हाती आले, तर लुकियानच्या ओळीतला शेवटचा चौकोन रिकामा दिसेल. राहून गेलाय म्हणून भरू नका. आधी शेवटचं पान उघडा. माणूस रजेवर आहे.