तिसरी तक्रार

धनंजयरावांनी सेफ्टी पिनेचं टोक राऊटरच्या मागच्या बारीक भोकात खुपसलं आणि मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजले. मग पिन काढली. पुढचा दिवा लाल होता, तो लालच राहिला. हे ते नवव्यांदा करत होते, आणि आता तर आकडे मुद्दाम लांबवून मोजत होते. राऊटरला त्याचं काही नव्हतं.

"झालं का हो?" कल्पनाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "तीन वाजता माझ्या विद्यार्थिनीची मुलाखत आहे. जर्मनीची मंडळी ऑनलाइन बसणार, आणि ती पोरगी इथंच येणार आहे माझ्याकडे."

"होतंय, होतंय. वेळ घेतंच हे जरा."

होत काहीच नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वायुदलात बत्तीस वर्षं रेडिओ संच दुरुस्त करून धनंजयराव निवृत्त झाले आणि लखनौतच, अलीगंजमध्ये फ्लॅट घेऊन राहिले. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींत कुणाचा लॅपटॉप अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की त्यांना फोन जायचा. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या राऊटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून इंटरनेटवर फुकट मिळणारं दुसरं बसवलं, आणि नेट थेट मागच्या खोलीपर्यंत पोचायला लागलं. हा पराक्रम त्यांनी गणपतीच्या मंडपात इतक्या जणांना ऐकवला की त्यांची बायको हेमा शेवटी म्हणाली, "आता आरतीतच घाला एक कडवं."

कल्पनाताई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या अभ्यासिकेत नेट येत नाही असं काल जिन्यात त्यांनी सहज सांगितलं, आणि धनंजयराव लगेच म्हणाले होते, "तुमचा नि माझा राऊटर एकच, एकाच कंपनीनं दिलेला. तासाभराचं काम. सकाळी येतोच."

राऊटर एकच नव्हता. खोकं तेच, रंग तोच, दोन कान वर केलेले तेही तसेच. पण पोटाखालच्या चिठ्ठीवर त्यांच्या राऊटरला आवृत्ती दोन होती आणि कल्पनाताईंच्या राऊटरला तीन. चुकीच्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर चढवलं की आतलं सगळं बंद पडतं. नोकरीत असताना कुठल्याही संचाला हात लावण्याआधी एकानं पाटी मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं कागदाशी ताडून बघायची आणि दोघांनी सही करायची, असा शिरस्ता होता. पाटी न वाचणाऱ्या किती पोरांना त्यांनी उन्हात उभं केलं होतं. आज त्यांनी खोकं उलटंसुद्धा केलं नव्हतं. चिठ्ठी वाचली ती दिवा लाल झाल्यानंतर.

कल्पनाताई हात पुसत बाहेर आल्या. "बिघडलं का काही?"

इथं नुसतं "हो" म्हणायचं होतं. एवढ्याशा शब्दानं काम भागलं असतं. पण मराठी मंडळींत ही गोष्ट कशी फिरेल ते धनंजयरावांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि जीभ भलतीकडेच वळली.

"परवा तो लाइनमन येऊन गेला ना? वायर बदलून गेला तो? त्यानंच काहीतरी घोळ घातलाय. मी हात लावायच्या आधीच आतून गेलेलं होतं हे."

कल्पनाताईंनी तिथल्या तिथं कंपनीला फोन लावून तक्रार नोंदवली. फोन ठेवताना त्यांच्या कपाळावर आठी होती.

"धनंजयराव, ती बाई म्हणते, या माणसाच्या नावावर या वर्षी आधीच दोन तक्रारी आहेत. तिसरी पक्की झाली की काम काढून घेतात. नक्की त्याचीच चूक आहे ना?"

"मग काय तर," धनंजयराव म्हणाले, आणि बाल्कनीतल्या उन्हाकडे बघत राहिले.

लाइनमन रामनिहोर साडेअकराला आला. पन्नाशीचा, कानटोपी घातलेला, जानेवारीच्या गारठ्यात स्कूटर चालवून बोटं लाल झालेला. दाराबाहेर बूट काढून त्यानं हात जोडले.

"नमस्ते मैडम, नमस्ते साहब। चौक से आ रहे हैं, जाम में फँस गए। माफ़ कीजिएगा।"

तो सरळ फरशीवर मांडी घालून बसला, राऊटर उचलला आणि पहिल्याप्रथम उलटा केला. चिठ्ठीवरच्या एकेका अक्षराखालून बोट फिरवत त्यानं ती वाचली. मग शेजारी ठेवलेल्या कल्पनाताईंच्या लॅपटॉपकडे बघितलं. पडद्यावर धनंजयरावांनी सकाळी उतरवलेली फाईल तशीच उघडी होती आणि तिच्या नावात आवृत्तीचा आकडा ठळक होता: दोन. ती बंद करायचंसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं. रामनिहोरनं एकदा पडदा बघितला, एकदा चिठ्ठी बघितली, आणि काही न बोलता पिशवीतून केबल काढली.

धनंजयरावांनी ते टिपलं. याला कळलं. आता हा तोंड उघडणार.

लखनौतल्या मराठी माणसांना एक सोय फार अंगवळणी पडलेली असते. रिक्षात बसलेलं असो की भाजीच्या गाड्यासमोर उभं असो, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या देखतच ते खुशाल मराठीत बोलतात. धनंजयरावांनी घाईघाईनं तीच सोय वापरली.

"बघा, आता कशी कारणं सांगेल ते. या लोकांना काही कळत नाही हो, कल्पनाताई. वायर जोडायची नि पळायचं. आणि वर आपल्यावरच ढकलायला कमी करणार नाहीत."

"पण नोकरी जाईल म्हणे त्याची."

"जाऊ दे. एकदा धडा मिळायलाच हवा."

हे आपण बोललो, हे ऐकून त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नाही. पण बोलून झालं होतं. रामनिहोर खाली मान घालून केबल जोडत होता. त्याची कानटोपी जराही हलली नाही.

"मैडम, लैपटॉप में कुछ सेटिंग बदलनी पड़ेगी। बाद में सब वैसा ही कर देंगे।"

त्यानं लॅपटॉपचा नेटवर्कचा पत्ता हातानं बदलला, स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून कंपनीची मूळ फाईल एका फोल्डरमध्ये ठेवली, एक छोटा प्रोग्रॅम सुरू केला. चालला नाही. लॅपटॉपची सुरक्षा आड येतेय म्हणाला, विचारून ती थोड्या वेळापुरती थांबवली. सगळं सावकाश, प्रत्येक पायरीला एकदा थांबून. धनंजयराव बघत होते. हाताखाली असा एक माणूस मिळावा म्हणून ते नोकरीभर तडफडले होते.

"साहब, एक हाथ दे दीजिए ज़रा। हम बिजली चालू करेंगे, आप उसी घड़ी पिन दबाए रखिएगा। हम कहें तब छोड़िएगा।"

धनंजयराव खुर्चीवरून उठले आणि गुडघे धरत त्याच्याशेजारी फरशीवर बसले. पिन भोकात घातली. रामनिहोरनं बटण दाबलं. लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. पिन भोकातून सरकायला लागली तेव्हा रामनिहोरनं स्वतःचं गार बोट त्यांच्या बोटावर ठेवून पिन स्थिर केली.

"बस, थोड़ा और। आ रहा है। हाँ... अब छोड़ दीजिए।"

लॅपटॉपवर ओळी सरकू लागल्या. दोन मिनिटांनी दिवा हिरवा झाला.

कल्पनाताईंनी मोकळा श्वास सोडला. धनंजयरावांना मात्र तो हिरवा दिवा बघवेना. नऊ वेळा पिन खुपसून जे जमलं नाही ते या माणसानं एका फेरीत केलं होतं, आणि त्यांना मदतनीस करून त्यांचा मान राखत केलं होतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

रामनिहोरनं जुनं नाव, जुना पासवर्ड पुन्हा भरला, लॅपटॉपच्या सेटिंग पूर्ववत केल्या, अभ्यासिकेत जाऊन नेट तपासलं. धनंजयरावांनी उतरवलेली फाईल त्यानं पुसली. कुणी सांगितलं नव्हतं.

"खराबी क्या थी?" कल्पनाताईंनी विचारलं. "परसों आप ही तो आए थे न?"

"जी, आए तो हम ही थे।" रामनिहोरनं धनंजयरावांकडे बघितलं नाही. "अंदर का सॉफ़्टवेयर बैठ गया था, मैडम। कैसे बैठा, ये हम क्या कहें।"

त्यानं आपला मोबाईल पुढे केला. तक्रार बंद करायला कंपनीच्या ॲपवर कारण निवडावं लागायचं आणि मग ग्राहकाच्या फोनवर आलेला आकडा सांगावा लागायचा. कारणं तीन होती: लाइनमनची चूक, ग्राहकाकडून झालेली चूक, यंत्राचा दोष.

"आप ही भर दीजिए। जो ठीक लगे।" मोबाईल त्यांच्या हातात देऊन तो पाठ वळवून सामान आवरायला लागला.

कल्पनाताईंचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं. मग त्या धनंजयरावांकडे वळल्या. "सांगा, काय भरू? यातलं तुम्हालाच कळतं."

यंत्राचा दोष, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ना रामनिहोरचं नाव आलं असतं, ना त्यांचं. धनंजयरावांच्या ओठांवर ते आलंही. पण त्यांच्या अंगठ्यावर पिनेचा खळगा अजून उमटलेला होता, आणि त्या गार बोटाचा स्पर्शही गेला नव्हता.

"कल्पनाताई," ते मराठीत म्हणाले, आवाज अगदी खाली आणून, "त्याची चूक नाही. माझी आहे. मी चुकीची फाईल चढवली. खोकं उलटं करून चिठ्ठी वाचली नाही, आणि मग त्याचं नाव घेतलं."

कल्पनाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत, आणि त्याचाच धनंजयरावांना जास्त त्रास झाला.

"ग्राहकाची चूक, असं भरा," ते पुढे म्हणाले. मग त्यांनी रामनिहोरच्या वाकलेल्या पाठीकडे एकदा बघून घेतलं. "पण याला काही सांगू नका. उगाच याच्यासमोर... तेवढं आपल्यातच राहू दे."

कल्पनाताईंनी कारण निवडलं. त्यांच्या फोनवर आकडा आल्याची घंटी वाजली.

रामनिहोर केबलची गुंडाळी करत होता. गुंडाळी पिशवीत ठेवून त्यानं चेन ओढली.

"राहील, काका," तो म्हणाला. "आपल्यातच राहील."

बोलणं स्वच्छ मराठीत होतं, पिंपरी-चिंचवडकडच्या कामगार वस्तीतल्या वळणाचं. त्यात टोमणा असता तर धनंजयरावांनी झेलला असता. टोमणा नव्हता. कुणी काळजी करू नये म्हणून सांगावं, तसं त्यानं सांगितलं होतं.

"तुम्हाला मराठी..." कल्पनाताईंचं वाक्य तिथंच थांबलं.

"चौदा वर्षं भोसरीला होतो, मॅडम. कंपनीत. कंपनी बंद झाली मग गावाकडं आलो." त्यानं मोबाईल हातात घेतला. "तेवढा नंबर सांगता का?"

कल्पनाताईंनी सांगितला. चार, शून्य, सात, दोन. सांगताना त्यांचीही मान खाली होती.

धनंजयराव अजून फरशीवरच बसलेले होते. या लोकांना काही कळत नाही. वायर जोडायची नि पळायचं. जाऊ दे नोकरी. शब्द एकेक करून परत येत होते, त्याच्या कानांवर ते ज्या क्रमानं पडले असतील त्याच क्रमानं. आणि शेवटी कबुली दिली तीसुद्धा त्याच्या पाठीमागे, त्याला कळू नये म्हणून. सकाळच्या खोट्यापेक्षा ही कबुलीच त्यांना जास्त क्षुद्र वाटली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उठायला फरशीवर हात टेकला, पण गुडघे आखडले होते. रामनिहोरनं आपणहून हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि उभे राहिले.

"रामनिहोर," ते म्हणाले. त्याचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

"काय नाय हो काका. होतं असं." त्यानं दाराबाहेर वाकून बूट चढवले, कानटोपी खाली ओढली, पिशवी खांद्याला अडकवली. मग वळून, कुठल्याही मराठी घरातून निघताना म्हणतात तसं म्हणाला, "येतो."

एवढ्याला नुसतं "या" म्हणायचं असतं. धनंजयराव उंबऱ्यापर्यंत गेले. तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा बुटांचा आवाज खालच्या मजल्यावर पोचला होता.