आवाजाचा रकाना

भोसरीच्या एमआयडीसीत भर दुपारी शांतता असते, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा हसेल. पण नानासाहेबांच्या शेडमध्ये ती असायची. रोज साडेतीनला, दहा मिनिटं. कंप्रेसर बंद, लेथ बंद, ग्राइंडरवाला हाताची घडी घालून उभा. आणि कुणाला खोकला आलाच तर त्याने बाहेर जाऊन खोकायचं. कारण त्या वेळी सुभद्राबाई ड्रम वाजवत.

ड्रम म्हणजे ट्रकच्या चाकात बसतात ते, ओतीव लोखंडाचे ब्रेक ड्रम. तयार माल चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात जायचा. जाण्याआधी प्रत्येक लॉटमधले तेरा ड्रम निवडून बाई लाकडी ठोकळ्यावर ठेवत आणि लहान हातोडीने हलकेच टिचकी मारत. अखंड ड्रम खणखणीत वाजतो. आत कुठे तडा असला, अगदी डोळ्यांना न दिसणारा, तर आवाज बद्द येतो. बावीस वर्षं हे काम त्यांच्याकडे होतं आणि या काळात शेडमधून एकही तडकलेला ड्रम बाहेर पडला नव्हता.

टिचकी मारली की बाई डोळे मिटत. आवाज पत्र्याखालून सावकाश पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचा आणि त्या मनाने त्याच्या मागोमाग चालत जायच्या. शेड झाली त्याआधी इथे त्यांच्या सासऱ्यांचं ज्वारीचं रान होतं. तो नाद ऐकताना त्यांना पायाखाली ढेकळं लागत, वारं लागलेली कणसं दिसत, आणि नाद विरला की त्या पुन्हा शेडमध्ये येत. उन्हाच्या कवडशात धूळ तरंगत असायची. एखादा कामगार उभ्या उभ्या पेंगायचा. त्या दहा मिनिटांत कुणाला कसलीच घाई नसे.

यंदा कंपनीत कॉम्प्युटरवरची सिस्टीम आली आणि सिस्टीम शिकवायला ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली उत्कर्षा आली. पोरगी गुणी होती. ड्रमचं माप, रंग, वजन असे रकाने सिस्टीममध्ये होतेच. तिने बाईंसाठी आवाजाचाही एक रकाना करून घेतला. आधी वहीत सगळा लॉट तपासून झाल्यावर एकदाच ‘ठीक’ लिहिलं की भागायचं. आता सिस्टीम दर ड्रमला थांबून विचारायची: खणखणीत की बद्द? तेरा वेळा तोच प्रश्न, उत्तर दिल्याशिवाय पुढची ओळ उघडायची नाही. एवढा चिवट प्रश्न बाईंना त्यांच्या सासूनेही कधी विचारला नव्हता.

खरं सांगायचं तर बाईंच्या मनात काही महिन्यांपासून धाकधूक होती. नाद आखूड झाल्यासारखा वाटे. रानाच्या बांधापर्यंत जाणारा आवाज अलीकडे मध्येच बसायचा. त्या टिचकी जरा जोरात मारू लागल्या होत्या आणि दोष ओतकामाला देत होत्या. वहीत ‘ठीक’ लिहिताना हे सगळं खपून जायचं.

त्या मंगळवारी खपलं नाही. पहिला ड्रम वाजवला, डोळे मिटले, आणि रान काही दिसेना. उत्कर्षाने पडद्याकडे बघत विचारलं, “काकू, काय टाकू?”

“बद्द,” बाई म्हणाल्या.

दुसरा बद्द. तिसरा बद्द. तेराच्या तेरा बद्द. पडद्यावर लॉट लाल झाला. आता बाई मोकळा करत नाहीत तोवर त्याचा गेटपास निघणार नव्हता. बाहेर गाडी भरायला उभी होती आणि चाकणहून फोनावर फोन येत होते.

नानासाहेब धावतच आले. ते गावातलेच, भावकीतले. “वैनी, आख्खा लॉट? असं कसं हुईल?”

“ऐकलं ते सांगितलं, नाना. उद्या घाटात कुणाच्या गाडीचा ब्रेक गेला तर?”

उत्कर्षाने एक ड्रम वाजवून पाहिला. तिला तो छान वाजल्यासारखा वाटला, पण बाईंपुढे बोलायची तिची छाती होईना. तिने तपासणीचा लाल रंग आणला. हा रंग फवारून पुसून काढायचा आणि वर पांढरी पावडर मारायची. तडा असला तर त्यात मुरलेला रंग लाल रेघ होऊन वर येतो. तेरा ड्रम पांढरे झाले. सगळी शेड गोल करून बघत उभी राहिली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. एकाही ड्रमवर रेघ उमटली नाही.

सुभद्राबाई त्या पांढऱ्या ड्रमांकडे बघत राहिल्या. ओतकाम चांगलं होतं.

लॉट मोकळा करायचा तर तो अडवला का होता, याचं कारण सिस्टीमला हवं होतं. नानासाहेब हळूच म्हणाले, “वैनी, ‘आजूबाजूचा आवाज’ असं टाका. कोन इचारतंय?”

“सगळ्या शेडनं श्वास धरला व्हता, नाना. आन् मी आवाज व्हता म्हनून लिवू?” बाई उत्कर्षाकडे वळल्या. “लिही पोरी. तपासनाऱ्याला ऐकू येत न्हाई.”

उत्कर्षाची बोटं थांबली. “काकू, हे कायमचं राहतं. नंतर पुसता येत नाही.”

“ऱ्हाऊ दे. न्हाईतर उद्या माझ्याच कानावर माल सोडाल.”

तिने लिहिलं. खाली बाईंचं नाव आपोआप उमटलं. लॉट हिरवा झाला, गेटपास निघाला, गाडी चाकणच्या रस्त्याला लागली. नानासाहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बाईंनी भंगारातून एक तडकलेला ड्रम आणवला आणि तो चांगल्या ड्रमशेजारी ठेवला. कंप्रेसर पुन्हा बंद करायला लावला. आधी चांगला वाजवला, मग तडकलेला. त्यांना दोन्ही सारखेच लागले, भरल्या पोत्यावर काठी मारावी तसे. पण पहिल्या टिचकीला पोरीचा चेहरा निवळला होता, आणि दुसरीला तिच्या कपाळावर आठी पडली.

“कळला फरक?”

“हो काकू! किती वेगळे आहेत!”

बाईंचे डोळे भरून आले. बरंही वाटलं आणि आत तुटलंही. त्यांनी दोन्ही ड्रम पुन्हा एकदा वाजवले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. पोरीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.