खालच्या डाव्या कोपऱ्यातून

फ्रेमवाल्याच्या दुकानात त्या डोंगराचा देखावा कायम टांगलेला असायचा. खोल दरी, दरीत नदीचं वळण, पलीकडे निळ्या डोंगरांच्या रांगा, आणि तळाशी छापलेलं, ‘शिखरावरून’. गिऱ्हाईक तो घेऊन गेलं की फ्रेमवाला दुसरी प्रत चौकटीत बसवून त्याच खिळ्याला अडकवायचा. स्वतः मात्र त्या डोंगराकडे तो कधी फिरकला नव्हता. दुकान कोण बघणार, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच्या धाकट्या बहिणीला सांगितलं, की नजर अशीच कमी होत जाणार आणि यावर इलाज नाही, तेव्हा याच माणसानं दुकानाला कुलूप लावलं. सगळा अंधार व्हायच्या आत चिमणीला वर न्यायचं आणि तो देखावा डोळे भरून दाखवायचा, असं त्याच्या मनानं घेतलं. चिमणी म्हणजे ही बहीण. पन्नाशी उलटली, शिलाई मशीनवर संसार ओढला, तरी भावाच्या तोंडचं नाव काही बदललं नाही. तिला यायचं आहे का, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. मोठ्या भावांची जातच तशी. जीव टाकतील, पण विचारणार नाहीत.

ती “बरं” म्हणाली आणि बूट घेऊन आली.

वाट जंगलातून होती आणि चांगली चढाची होती. फ्रेमवाल्याचा जन्म बसून खिळे ठोकण्यात गेलेला. पहिल्याच चढाला त्याच्या तोंडाला फेस आला, पण तोंड काही थांबलं नाही. ते बघ घरटं, तो बघ सुतारपक्षी, त्या फांदीवरचं फूल बघ. चिमणी प्रत्येक वेळी मान वळवून “हो, छान आहे” म्हणायची. एकदा तर पक्षी डावीकडे आणि तिची मान उजवीकडे होती. दम खाण्याच्या नादात भावाच्या ते लक्षातही आलं नाही. ती झाडांना हात लावत, पाय चाचपून टाकत चालली होती आणि नेहमीपेक्षा गप्प होती. दमली असेल, असं त्याला वाटलं. आता वर पोचलं की खुलेल.

दुपारच्या आत ते वर पोचले. ‘शिखर’ लिहिलेली लोखंडी पाटी होती आणि पाटीच्या चारी बाजूंना झाडं होती. उंच, जाड, एकमेकांच्या अंगावर रेलून उभी असलेली झाडं. फ्रेमवाल्यानं एका बाजूनं फांद्या सारून पाहिलं, दुसरीकडून पाहिलं, एका दगडावर चढून टाचा उंचावल्या. पानांपलीकडे पानंच होती. तिथे आधी येऊन बसलेली दोन कॉलेजची पोरं कुरकुरत होती, की एवढे पाय तोडले आणि दिसत तर काहीच नाही.

फ्रेमवाला परत आला तेव्हा त्याला रडू यायचंच बाकी होतं. इतकी वर्षं आपण लोकांना खोटा देखावा विकला आणि बहिणीला फुकट दमवलं, असं त्याला वाटत होतं.

“चिमणे, इथून काही दिसतच नाही गं.”

“कुणालाच?”

“कुणालाच नाही.”

चिमणी झाडाच्या मुळावर बसली आणि हसायला लागली. पोरं वळून बघायला लागली तरी तिला हसू आवरेना. शेवटी पदरानं डोळे पुसत तिनं त्याला जवळ बसवलं.

“दादा, मला लांबचं दिसायचं बंद होऊन वर्ष झालं. हाताच्या पलीकडे सगळा धूर. तुझ्या चित्रात काय काय आहे ते मी वहिनीला विचारून घेतलं होतं. वाटभर तेच पाठ करत होते, वर गेल्यावर काय बोलायचं ते. नदी किती सुंदर, डोंगर किती निळे. चुकेल म्हणून जीव धास्तावला होता माझा.”

त्याला आधी रागच आला. वर्षभर लपवलं म्हणजे काय? मग त्याला आठवलं, की वर्षभरात त्यानं तिला कितीतरी गोष्टी दाखवल्या होत्या आणि दिसतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. चिमणी तोवर शेजारच्या खोडाला नाक टेकवून सालीवरचं शेवाळ निरखत होती. हे बघायला तिला कुणाची मदत लागत नव्हती. दोघांनी डबा खाल्ला आणि ते उतरायला लागले.

उतरताना त्यानं तिचा हात धरला आणि फक्त पायाखालचं सांगितलं. दगड. मूळ. आता सपाट. आता घसरतं आहे. बऱ्याच खाली, एका वळणावर तो एकदम थांबला. तिथे एक मोठं झाड उन्मळून पडलं होतं आणि तेवढ्या जागेतून सगळी दरी उघडी पडली होती. तीच नदी, तेच वळण, त्याच निळ्या रांगा. चढताना तिकडे दोघांची पाठ होती. त्याचा हात सवयीनं उचलला गेला आणि त्यानं तो तसाच खाली घेतला.

“थांबलास का?” तिनं विचारलं.

“बुटाची नाडी सुटली.”

चिमणीनं चेहरा वर केला. “वारा लागतोय. मोकळं आहे ना इथे? तोच देखावा आहे ना?”

त्यानं वाकून न सुटलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली.

“अरे, आता मला खोटं बोलावं लागत नाही, मग तू कशाला बोलतोस? सांग की.”

तो तिला घेऊन त्या पडलेल्या खोडावर बसला. कसं सांगायचं हे त्याला कळत नव्हतं. मग चौकट करायला घेताना चित्र जसं समोर ठेवतो, तशी त्यानं दरी डोळ्यांसमोर धरली.

“खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करतो,” तो म्हणाला. “तिथे एक घर आहे. पत्र्याचं.”

“हे वहिनीनं नव्हतं सांगितलं,” चिमणी म्हणाली आणि त्याच्याकडे सरकून बसली.